खिशातला गल्ला आणि प्रवासाची तजवीज

कापडाचा धंदा करणारा माणूस माल बांधण्यात कधी कसूर करीत नाही. गाठ किती आवळावी, मार्का कुठे टाकावा, पावसाळ्यात आतून प्लास्टिक किती घालावे, बिल्टीवर काय लिहून घ्यावे, हे सर्व त्याला तोंडपाठ असते. मात्र हाच माणूस स्वतः सुरतेला, दिल्लीला, दुबईला किंवा चीनला निघतो तेव्हा एक बॅग, दोन मोबाईल आणि तिकीट एवढीच त्याची तयारी असते. मालाला जेवढी दोरी लावली तेवढीही तो स्वतःला लावीत नाही. आमच्या मते ही आपल्या बाजारातील मोठी उणीव आहे आणि तिच्यावर उघडपणे बोलले पाहिजे.

१९९० च्या दशकात व्यापारी प्रवासाला निघाला की रोकड कमरेच्या कसात आणि हिशेब दुकानातल्या वहीत असे. कसा मारला गेला तर त्या खेपेचे पैसे जात, पण वही पेढीवर शाबूत राहत असे. आज वहीच प्रवासाला निघते. उधारीची यादी, गिऱ्हाइकांचे नंबर, डिझाईनचे फोटो, बँकेचे खाते, यूपीआय, जीएसटीचे लॉगिन, सारे एका मोबाईलमध्ये. म्हणजे गल्ला, वही आणि शिक्का तिन्ही एका खिशात ठेवून आपण जनरलच्या डब्यात चढतो. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर, कुठल्याही बाजारात विचारा, प्रवासात मोबाईल गेला आणि आठवडाभर धंदा ठप्प झाला असा एक तरी व्यापारी भेटेल.

सबब प्रवासाच्या दोन गोष्टींचा येथे विचार करू. एक, विमा व नुकसानभरपाई. दुसरी, मोबाईल, चार्जर, पॉवर बँक वगैरे विजेची साधने.

आधी विम्याचा मसला

विम्याचे नाव काढले की आपल्यातील पुष्कळ बंधू गप्प होतात, कारण मनात दीनी शंका असते. ही शंका रास्त आहे आणि तिची थट्टा कोणी करू नये. इस्लामी राष्ट्रांच्या संघटनेच्या फिकह अकादमीने १९८५ मध्ये जिद्दा येथे व्यापारी तत्त्वावरील विमा नाजायज ठरविला आणि परस्पर सहकार्याच्या तत्त्वावरील विम्याचा पर्याय सांगितला. त्यालाच तकाफुल म्हणतात. आपल्या देशात तकाफुल कंपनी नाही. येथील उलमांनी देशातील परिस्थिती समोर ठेवून वेगवेगळी मते दिली आहेत. या मसल्यावर निकाल देणे आमच्यासारख्या कापडवाल्याचे काम नव्हे. ज्याला शंका आहे त्याने आपल्या भरवशाच्या मुफ्तींकडे जाऊन नेमका करार समोर ठेवून विचारावे. नुसते "विमा घ्यावा का?" असे विचारू नये. "अमुक पॉलिसी, एवढा हप्ता, या बदल्यात हे मिळते" असे विचारावे, म्हणजे उत्तरही नेमके मिळेल.

पण दोन गोष्टी या वादाबाहेरच्या आहेत. काही विमे आपल्या मर्जीवर नसतात. गाडी रस्त्यावर आणायची तर तिसऱ्या पक्षाचा विमा कायद्यानेच सक्तीचा आहे. युरोपच्या शेंगेन देशांचा व्हिसा हवा तर किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण असलेली पॉलिसी अर्जासोबत लावावीच लागते. उमराहच्या व्हिसातही तेथील सरकारने विमा जोडलेला आहे. ज्याची रक्कम आपण भरलीच आहे, त्यात काय मिळते हे न वाचणे म्हणजे पैसे देऊन माल न उचलण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट अशी की काही भरपाया विमा नसून कायद्याने दिलेला हक्क आहे. तेथे हप्ता नाही, कंपनी नाही, शंकाही नाही. तरीही माहिती नसल्यामुळे आपली माणसे हा हक्क सोडून देतात.

रेल्वेचा प्रवास

रेल्वे कायदा १९८९ मध्ये अशा भरपाईची तरतूद आहे. गाडीला अपघात झाला, प्रवासी चालत्या गाडीतून चुकून पडला, गाडीत दरोडा पडला, दंगल किंवा अतिरेकी हल्ला झाला, तर मृत प्रवाशाच्या वारसांना व जखमींना भरपाई मिळते. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूबद्दलची ही रक्कम ८ लाख रुपये आहे. त्यासाठी रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. आत्महत्या, स्वतःच्या गुन्ह्यामुळे झालेली इजा, नशेत केलेले कृत्य किंवा नैसर्गिक आजार यांत ही भरपाई नाही.

यात सगळा भार तिकिटावर असतो. मयताजवळ तिकीट सापडले नाही म्हणून घरचे लोक हात जोडून बसतात. वास्तविक सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की केवळ तिकीट सापडले नाही एवढ्याने माणूस प्रवासी नव्हता असे ठरत नाही. वारसांनी प्रतिज्ञापत्र देऊन हकीकत मांडली की पुढे ती खोडून काढण्याचा भार रेल्वेवर येतो. तरीही आमचा आग्रह आहे की तिकीट काढताच त्याचा फोटो घरी पाठवावा. एक मिनिटाचे काम आहे आणि त्याने वर्षानुवर्षांची फरफट वाचते.

आता विम्याकडे येऊ. आयआरसीटीसीवरून ई-तिकीट काढताना प्रवास विम्याचा एक पर्याय येतो. ही योजना सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झाली. सध्या त्याचा हप्ता एका प्रवाशाला ४५ पैसे आहे. त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास १० लाख, कायमचे अंशतः अपंगत्व आल्यास साडेसात लाखांपर्यंत, इस्पितळाच्या खर्चासाठी २ लाखांपर्यंत आणि मय्यत घरी आणण्यासाठी १० हजार रुपये अशी तरतूद आहे. ज्यांना शंका नाही त्यांनी हा पर्याय सोडू नये. मात्र पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

तो फक्त ई-तिकिटावर आहे, खिडकीवरच्या तिकिटावर नाही. तिकीट कन्फर्म किंवा आरएसी असावे लागते. तिकीट काढल्यावर विमा कंपनीकडून मोबाईलवर किंवा ई-मेलवर दुवा येतो, तेथे जाऊन वारसाचे नाव भरावयाचे असते. बहुतेक लोक हा संदेश जाहिरात समजून पुसून टाकतात. मग दावा करायची वेळ आली की वारस दाखला, कोर्टकचेरी, आणि भावाभावांत वाद. तिकीट दलालाकडून काढले तर हा दुवा दलालाच्या मोबाईलवर जातो आणि प्रवाशाला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून तिकीट कोणीही काढो, मोबाईल नंबर प्रवाशाचाच द्यावा.

आणि एक वाईट सवय सोडावी. दुसऱ्याच्या नावाच्या तिकिटावर प्रवास करू नये. शेठच्या नावाचे तिकीट आणि गाडीत गुमास्ता, असा प्रकार आपल्या बाजारात चालतो. हा नियमभंग तर आहेच, पण अपघात झाला तर कागदावर शेठ जखमी आणि इस्पितळात गुमास्ता. त्या गरिबाच्या घरच्यांना कोण भरपाई देणार?

सामान आणि नमुने

रेल्वेत स्वतःजवळ ठेवलेले सामान चोरीला गेले तर रेल्वे सहसा जबाबदार नसते. रेल्वे कायद्याच्या कलम १०० प्रमाणे, सामान रीतसर बुक करून पावती घेतली असेल तरच जबाबदारी येते. हातातल्या सामानाबाबत रेल्वे नोकराचा निष्काळजीपणा किंवा गैरवर्तन सिद्ध करावे लागते. म्हणून नमुन्यांच्या जड पेट्या बर्थखाली कोंबण्यापेक्षा ब्रेकव्हॅनला बुक करणे बरे. थोडा खर्च येतो, पण हातात पावती राहते.

चोरी झालीच तर पुढचे मोठे स्टेशन येईपर्यंत वाट पाहत बसू नये. चालत्या गाडीत टीटीईकडे फिर्यादीचा फॉर्म असतो, तो भरून द्यावा. रेल्वेची मदतवाणी १३९ आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, जवळच्या ठाण्यात फिर्याद देता येते. "हे आमच्या हद्दीत नाही" असे म्हणून परत पाठविण्याची सोय आता पोलिसांना राहिलेली नाही. फिर्यादीची प्रत मोफत मिळते आणि ती घेतल्याशिवाय ठाण्याची पायरी उतरू नये, कारण पुढे विमा असो की नवे सिमकार्ड, प्रत्येक ठिकाणी हाच कागद मागतात.

व्यापाऱ्यांसाठी एक खास गोष्ट सांगावीशी वाटते. प्रवास विम्यात सामान हरवल्याची जी भरपाई असते ती बहुधा अंगावरच्या वापराच्या वस्तूंची असते. विक्रीचा माल, नमुने, रोकड आणि दागिने पुष्कळ पॉलिसींत वगळलेले असतात. "माझ्या बॅगेत ४० साड्यांचे नमुने होते" असे दाव्यात लिहिले की तेवढा भाग नामंजूर. मालासाठी वाहतुकीचा स्वतंत्र विमा असतो. तो आपल्या प्रवासाच्या पॉलिसीत आपोआप येत नाही.

मालमोटारीने माल पाठविणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की २००७ चा रस्ते वाहतूक कायदा व त्याखालील २०११ चे नियम यांनुसार, बिल्टी करताना जास्त किंमत जाहीर केली नसेल तर ट्रान्सपोर्टवाल्याची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच राहते. भाडे ८०० रुपये असेल तर ८,००० रुपये, मग गाठीत दोन लाखांचा माल का असेना. शिवाय माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. तोंडी तगाद्याला कायद्यात जागा नाही.

परदेशचा प्रवास

दुबई, इस्तंबूल आणि चीनमधील ग्वांगझू ही ठिकाणे आता आपल्या कापड व्यापाऱ्यांना परकी राहिलेली नाहीत. ग्वांगझूचा मोठा व्यापार मेळा दर वर्षी वसंतात आणि शरदात भरतो आणि लहान पेढीचा माणूसही तेथे जाऊन येतो. अशा प्रवासात सर्वात मोठा धोका मालाचा नसून तब्येतीचा असतो. परदेशातील इस्पितळात चार दिवस पडून राहावे लागले तर त्या बिलात इथल्या लहान दुकानाचे भांडवल जाऊ शकते.

परदेश प्रवासाची पॉलिसी घेताना पाच गोष्टी तपासाव्यात. १) वैद्यकीय खर्चाची मर्यादा किती आणि त्यातला पहिला भाग आपल्या खिशातून किती द्यावयाचा. २) साखर, रक्तदाब, हृदयाचा त्रास यांसारखा आधीचा आजार असल्यास संरक्षण मिळते की नाही. ३) पॉलिसीची मुदत परतीच्या दिवसापर्यंत आहे का. काम लांबले आणि मुक्काम वाढला तर मुदत संपण्याआधी वाढवून घ्यावी. ४) इस्पितळात भरती होताना ज्या नंबरावर कळवायचे तो चोवीस तासांचा नंबर कोणता. ५) मय्यत मायदेशी आणण्याचा खर्च त्यात आहे का.

यातील दुसऱ्या मुद्द्यावर आपली माणसे फसतात. एजंट म्हणतो, "साखर लिहू नका, हप्ता वाढेल." आपणही मान डोलावतो. पुढे तिकडच्या इस्पितळात डॉक्टर विचारतो की गोळ्या कधीपासून घेता, आणि खरे उत्तर केसपेपरवर येते. मग कंपनी दावा फेटाळते आणि एजंट फोन उचलत नाही. आजार लपविल्याने वाचणारे काही शे रुपये आणि बुडणारे काही लाख यांचा हिशेब शाळेतला मुलगाही करील. फॉर्म स्वतः वाचून, स्वतः सही करावी. ज्या आरोग्य पॉलिसीसोबत "ग्राहक माहितीपत्रक" मिळते, ते स्थानिक भाषेत मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे. मराठीत द्या म्हणून सांगावे. इंग्रजी येत नाही हा गुन्हा नाही, न समजता सही करणे मात्र महागात पडते.

विमानात दिलेली बॅग आली नाही किंवा फाटून आली तर विमानतळाबाहेर पडण्याआधी विमान कंपनीच्या सामान खिडकीवर तक्रार लिहून तिची प्रत घ्यावी. भारताने २००९ मध्ये स्वीकारलेल्या मॉन्ट्रियल करारानुसार आंतरराष्ट्रीय प्रवासात नुकसान झालेल्या सामानाची लेखी तक्रार ७ दिवसांत आणि उशिरा मिळालेल्या सामानाची २१ दिवसांत करावी लागते. मुदत गेली की दावाही गेला.

खिशातला गल्ला कसा जपावा

मोबाईलबाबत आमचे मत असे की प्रवासाला निघताना "हा फोन आज हरवणार आहे" असे धरूनच तयारी करावी. हरवला नाही तर अल्हम्दुलिल्लाह, हरवला तर धंदा चालू राहील.

पहिले काम, *#०६# दाबून फोनचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक काढावा व दुकानातल्या वहीत लिहून ठेवावा. खरेदीचे बिल त्याच वहीत ठेवावे. फोन चोरीला गेला तर पोलीस फिर्याद देऊन संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर हा क्रमांक बंद करता येतो. ही सोय मे २०२३ पासून देशभर आहे. मग चोराने दुसरे सिम घातले तरी तो फोन देशातल्या कोणत्याही नेटवर्कवर चालत नाही.

दुसरे काम, सिमला पिन लावावा. फोनला कुलूप असले तरी चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो, ओटीपी त्याच्याकडे येऊ लागतात आणि खाते साफ होते. सिमला पिन असेल तर हा दरवाजा बंद होतो. मात्र तीनदा चुकीचा पिन टाकला तर सिम अडकते आणि कंपनीकडून पीयूके क्रमांक घ्यावा लागतो, म्हणून पिन नीट लक्षात ठेवावा.

तिसरे, यूपीआयला धंद्याचे मुख्य खाते जोडून प्रवासाला जाऊ नये. प्रवासखर्चापुरती रक्कम असलेले वेगळे बचत खाते ठेवावे. गेले तर तेवढेच जाईल. आपले वडीलधारी रोकड तीन ठिकाणी वाटून ठेवत असत. शहाणपण तेच आहे.

चौथे, दहा महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवावेत. घर, दुकान, बँकेचा कार्ड बंद करण्याचा नंबर, सिम कंपनी, विमा कंपनी, आणि ज्या गावी जात आहोत तेथील एक ओळखीचा माणूस. आज फोन गेला की स्वतःच्या बायकोचा नंबरही कित्येकांना आठवत नाही.

पाचवे, फसवणुकीने पैसे गेले तर ताबडतोब १९३० वर फोन करावा आणि बँकेला कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात असे तत्त्व घातलेले आहे की ग्राहकाने कळविल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. तेव्हा "घरी जाऊन बघू" म्हणून टाळलेला प्रत्येक तास आपल्या खर्चात पडतो.

परदेशी जाणाऱ्यांनी आणखी थोडी काळजी घ्यावी. २०२० पासून नवी कार्डे फक्त देशातील व्यवहारांसाठी चालू करून दिली जातात, परदेशातील वापर बँकेला सांगून किंवा ॲपवरून सुरू करावा लागतो. ओटीपी यावा म्हणून भारतीय सिमवर रोमिंग आधीच सुरू करून घ्यावे, पण पॅक घेतला नसेल तर डेटा बंद ठेवावा, नाहीतर बिल पाहून डोळे फिरतात. चीनमध्ये तेथील इंटरनेटवर गुगल व व्हॉट्सॲप चालत नाहीत. पत्ते, नकाशे आणि पुरवठादाराचे कार्ड चिनी लिपीत कागदावर छापून न्यावे. टॅक्सीवाल्याला आपले इंग्रजी ऐकवण्यापेक्षा तो कागद दाखवणे सोपे.

बॅटरी, चार्जर आणि प्लग

पॉवर बँक आता प्रत्येकाच्या बॅगेत असते, पण तिचे नियम फार थोड्यांना ठाऊक आहेत. विमानात ती पोटात जाणाऱ्या सामानात टाकता येत नाही, हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते. १०० वॅट-तासांपर्यंतची चालते, १०० ते १६० पर्यंतची विमान कंपनीच्या परवानगीने, त्यापुढची नाही. वॅट-तास काढणे सोपे आहे. पॉवर बँकेवर २०,००० एमएएच लिहिले असेल तर तिला हजाराने भागून २० येतात, त्याला ३.७ व्होल्टने गुणले की ७४. म्हणजे चालेल. २७,००० च्या जवळ गेली की शंभरी भरते. जिच्यावरचे आकडे पुसले गेले आहेत ती तपासणीत काढून घेतली जाण्याचा संभव असतो.

हे नियम उगाच नाहीत. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातील बुसानच्या विमानतळावर हाँगकाँगला निघालेल्या विमानाला उड्डाणापूर्वी आग लागली व पॉवर बँकेवर संशय आला. त्यानंतर जगभर नियम कडक झाले. चीनने २८ जून २०२५ पासून देशांतर्गत विमानांत त्यांचे "३सी" प्रमाणचिन्ह नसलेल्या पॉवर बँकेवर बंदी घातली. आपल्याकडून नेलेल्या पुष्कळ पॉवर बँकांवर हे चिन्ह नसते, तेव्हा ग्वांगझूहून दुसऱ्या शहरी विमानाने जाणाऱ्याने आधीच तजवीज करावी. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरण्यास मनाई केली आहे. एक जवळ ठेवता येते, तिच्यावर फोन लावता येत नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी आपल्या विमान कंपनीचा नियम वाचून घ्यावा, कारण हे नियम वरचेवर बदलत आहेत.

रेल्वेत रात्री ११ ते पहाटे ५ डब्यातले चार्जिंग बंद ठेवण्याचे धोरण रेल्वेने मार्च २०२१ मध्ये पुन्हा कडक केले. कारण आगीचा धोका हेच. तेव्हा फोन संध्याकाळीच भरून घ्यावा. शिवाय फोन चार्जिंगला लावून झोपणे म्हणजे चोराला दावत देणे. सॉकेटवर चहाची किटली किंवा इस्त्री लावणाऱ्यांना तर आम्ही हात जोडतो. आपल्या एका कप चहासाठी डब्यातल्या सत्तर जिवांशी खेळू नये.

स्टेशन व विमानतळावरील फुकट यूएसबी चार्जिंगमधून फोनमधील माहिती चोरली जाऊ शकते, असा इशारा रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ च्या पुस्तिकेत दिला होता. आपला चार्जर भिंतीच्या सॉकेटला लावावा, हे सर्वात सुरक्षित.

परदेशात प्लगची अडचण येते. दुबई, सौदी व हाँगकाँगला तीन चौकोनी पायांचा ब्रिटिश पद्धतीचा प्लग लागतो. चीनमध्ये चपट्या पायांचा. एक सर्वदेशी ॲडॉप्टर घेतला की काम भागते. पण ॲडॉप्टर फक्त पाय बदलतो, व्होल्ट बदलत नाही. चार्जरवर "इनपुट १००-२४०" लिहिलेले असेल तर तो जगात कुठेही चालतो. फुटपाथवरचा पन्नास रुपयांचा चार्जर घेऊन वीस हजारांचा फोन जाळू नये.

कारागीर आणि नोकरमाणसे

हे सारे शेठ लोकांसाठीच आहे असे कोणी समजू नये. यंत्रमागावरचा कारागीर ईदला उत्तर प्रदेशात किंवा बिहारात घरी जातो, तो जनरल डब्यात, खिडकीवरच्या तिकिटावर. त्याला ४५ पैशांचा विमाही मिळत नाही. त्याच्यासाठी मे २०१५ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, अंशतः अपंगत्वाला १ लाख. वर्ष १ जून ते ३१ मे. हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो, पण त्या दिवशी खात्यात वीस रुपये नसतील तर विमा तुटतो. असे खाते रिकामे असल्याने तुटलेले विमे थोडे नाहीत. मालकांनी मे महिन्यात एवढे बघावे की आपल्या प्रत्येक माणसाच्या खात्यात वीस रुपये आहेत.

आणि ज्यांना विमा नको आहे त्यांच्यासाठी बाजाराने काही करावे, असे आम्हास वाटते. भिशी चालवायला आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. त्याच धर्तीवर प्रत्येक बाजाराच्या व्यापारी मंडळाने प्रवासात अपघात झालेल्या व्यापाऱ्या-कारागिरांसाठी मदत निधी उभारावा. कोणाला किती व केव्हा मिळेल याचे नियम लिहून ठेवावेत आणि वर्षाचा हिशेब भिंतीवर लावावा. अपघातानंतर मशिदीच्या दारात चादर पसरून पैसे गोळा करण्यापेक्षा आधीच जमा असलेला निधी इज्जतीचा आहे.

दावा सच्चा असावा

शेवटची गोष्ट अधिक नाजूक आहे. फोन घरी ठेवून चोरीची फिर्याद देणे, तीन हजारांच्या बॅगेचे बिल तेरा हजारांचे करून आणणे, असे सल्ले देणारे बाजारात भेटतात. विमा जायज की नाजायज यावर मतभेद असतील, खोट्या दाव्यावर मतभेद नाहीत. ती चोरी आहे. असे दावे पकडले गेले की त्याच गल्लीतील सच्च्या माणसाच्या दाव्यावरही संशय येतो. आपल्या वस्तीच्या नावावर तसाच पुष्कळ संशय घेतला जातो, त्यात आपण भर घालू नये.

उलट, दावा सच्चा असून कंपनीने फेटाळला तर गप्पही बसू नये. कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जावे. मुंबई व पुणे येथे त्याची कार्यालये आहेत, फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतचे दावे तेथे चालतात. कंपनीचे अंतिम उत्तर आल्यापासून एक वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. एजंटाच्या मागे फिरण्यात जेवढ्या चपला झिजतात त्याच्या निम्म्यात हे काम होते.

वाचक बंधूंनो, उंट बांधून मग तवक्कुल करावे, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आजचा व्यापारी दोन दोऱ्यांनी बांधला जातो, एक कागदाची आणि दुसरी मोबाईलच्या कुलपाची. पुढच्या खेपेला निघण्याआधी एक साधे काम करावे. एका फुलस्केप कागदावर तिकिटाचा तपशील, पॉलिसीचा नंबर, वारसाचे नाव, आयएमईआय, बँकेचा नंबर आणि कोणाकडून किती येणे, कोणाला किती देणे, एवढे लिहावे आणि तो कागद घरच्या बाईच्या हाती द्यावा. पेटीत लपवून ठेवू नये, तिला वाचून दाखवावा. आपल्यामागे आपल्या हक्काचे पैसे घरच्यांना मिळावेत आणि आपल्यावरचे कर्ज फिटावे, यासाठी एवढी तजवीज पुरेशी आहे. सफर कधी शेवटची ठरेल ते अल्लाहलाच ठाऊक. हिशेब मात्र आपल्या हातात आहे.